बंदुकीच्या नोंदणीचे नियम बदलतात तेव्हा काय काय घडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात आणि गोव्यात शेतीसंरक्षणाची बंदूक बाळगणारे, वडिलांच्या मागे बंदुकीचे काय करायचे म्हणून विचारणारे वारस आणि शूटिंग शिकणाऱ्या मुलांचे पालक यांच्याकडून हे प्रश्न सारखे येतात. गावातल्या लोकांचे परवान्याचे अर्ज भरून देता देता मी जे पाहिले आणि कायद्यात जे वाचले, त्यावरून ही उत्तरे लिहिली आहेत. बंदुका सर्रास हव्यात असे माझे म्हणणे नाही. नोंदणीचा नियम बदलताना नोंद करून बसलेल्या माणसाचाही विचार व्हावा, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.

भारतात बंदुकीची नोंदणी म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे गाडीच्या आरसी बुकासारखी बंदुकीची वेगळी नोंदणी नाही. परवाना माणसाला मिळतो आणि त्या माणसाच्या परवान्यावर बंदूक चढवली जाते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे हाच गुन्हा आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकारी परवाना देतात. मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या शहरांत पोलीस आयुक्त देतात.

नीट लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की माणसाचा परवाना गेला, त्याची मुदत संपली किंवा माणूसच गेला, की त्याच क्षणी घरातली बंदूक बेकायदा होते. बंदूक होती तिथेच, भिंतीवर नाहीतर कपाटात असते, पण कायद्याच्या नजरेत ती बदललेली असते. पुढचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. नियमातला एखादा शब्द बदलला की हजारो घरांत कोणी बोटही न उचलता गुन्हा घडू शकतो.

हा कायदा आला कुठून?

१८५७ नंतर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लावला आणि लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा केला. युरोपियनांना त्यातून सूट होती, हिंदी लोकांना परवाना लागे. रानटी जनावरांपासून पीक आणि जीव वाचवायला रयतेकडे काही उरले नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. काँग्रेसने १८८० च्या दशकातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. राज्यघटनेत तो आला नाही. १९५९ चा कायदा आला, १९६२ चे नियम आले आणि २०१६ मध्ये त्यांच्या जागी नवे शस्त्र नियम आले.

२०१९ मध्ये काय बदलले?

शस्त्र अधिनियमाच्या दुरुस्तीने बऱ्याच गोष्टी बदलल्या, पण घराघरांत पोचली ती एकच. एका माणसाला जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे ठेवता येत होती, ती मर्यादा दोनवर आली. तीनची मर्यादाही मुळात १९८३ च्या दुरुस्तीने आलेली. त्याआधी संख्येला बंधन नव्हते. २०१९ च्या विधेयकात सुरुवातीला मर्यादा एकच ठेवायचे घाटत होते. विरोध झाल्यावर ती दोन झाली. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले आणि १४ डिसेंबरला कायदा लागू झाला.

त्याबरोबर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, ही खरी सोय. लग्नात-वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या दोन बदलांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तीनऐवजी दोन, यात एवढे काय बिघडले?

ज्याच्याकडे तीन होती त्याने दोन निवडायची आणि तिसरी एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. फौजेतला माणूस असेल तर त्याच्या युनिटच्या शस्त्रागारात. वर्ष संपल्यावर नव्वद दिवसांत ती परवान्यावरून काढायची. कागदावर हे सोपे दिसते.

ते वर्ष कोणते होते ते बघा. डिसेंबर २०१९ ते डिसेंबर २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. माणसाला जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागत होता, तिथे बंदूक घेऊन कोण निघणार? कायदा करणाऱ्यांना महामारी दिसणे शक्य नव्हते, याचा दोष त्यांना देता येत नाही. पण एकच ठरावीक मुदत, तीही चुकली तर गुन्हा, अशी रचना असेल तर कुठलेही संकट प्रामाणिक माणसाच्याच डोक्यावर कोसळते.

दुसरी गोष्ट किमतीची. देशभरातल्या जास्तीच्या बंदुका एकाच वर्षात विकायला काढायच्या आणि विकत घेतल्यावर घेणाऱ्याकडेही दोनपेक्षा जास्त होता कामा नयेत. घेणारा मिळणार कसा? १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणे जवळपास बंद आहे. त्यामुळे जुनी विलायती दुनळी, म्हणजे डबल बार, हा घरातला मौल्यवान ऐवज. तो विक्रेता देईल त्या भावाने द्यायचा किंवा पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात ठेवायचा. कोकणातल्या पावसात तेलपाणी न झालेल्या बंदुकीच्या नळीचे काय होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको. सरकारने जास्तीच्या शस्त्राची किंमत देऊन ते विकत घ्यायची योजना आणली असती, तर बरेच लोक आपणहून पुढे आले असते असे मला वाटते. न्यूझीलंडने २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर अर्ध-स्वयंचलित बंदुका मागे घेताना भरपाई दिली होती.

वडिलोपार्जित बंदूक या मर्यादेत धरतात का?

हो. २०१९ च्या दुरुस्तीत हे मुद्दाम लिहिले आहे की वारसाहक्काने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडायची नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर ऐकून लोक सगळ्यात जास्त दुखावतात.

समजा, तुमची स्वतःची एक बारा बोअरची बंदूक आहे. वडिलांकडून एक आली. पुढे काकांना मूलबाळ नाही म्हणून त्यांची तुमच्याकडे यायची आहे. ती तिसरी तुम्हाला घेता येणार नाही. मग ती बायकोच्या, मुलाच्या नाहीतर सुनेच्या नावावर करता येईल का, असा विचार सुरू होतो. इथेच कायद्याला अपेक्षित नसलेली गोष्ट घडते. पूर्वी एका घरात एक परवानाधारक आणि तीन बंदुका होत्या. आता दोन परवानाधारक झाले. बंदुका तेवढ्याच राहिल्या आणि ज्यांना बंदुकीत काडीचा रस नाही, ज्यांनी कधी ती हाताळलेली नाही, ते तिचे मालक झाले. मर्यादा माणशी आहे, घराला नाही. हेतू शस्त्रे कमी करण्याचा होता, प्रत्यक्षात परवाने वाढायला वाव मिळाला.

वारसांसाठी २०१६ च्या नियमांतली एक तरतूद जरूर माहीत असावी. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली किंवा त्याने ती बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, यांतले जे आधी होईल तेव्हा तो हयात असतानाच वारसाच्या नावावर ती करता येते. आजोबांच्या हातात पेन धरण्याची ताकद आहे तोवर हे काम उरकून घ्या. मृत्यूनंतरची धावपळ, भावाभावांची संमतीपत्रे आणि तोवर घरात पडलेली परवान्याविना बंदूक, हे सगळे टळते.

तलवारी, दांडपट्टे यांनाही दोनची मर्यादा आहे का?

नाही. ती मर्यादा फक्त अग्निशस्त्रांना आहे. दसऱ्याच्या शस्त्रपूजनातल्या तलवारींचा या दुरुस्तीशी संबंध नाही.

भिंतीवर टांगलेली, न चालणारी जुनी बंदूक?

जी जुन्या पद्धतीची, पुरातन मोलाची किंवा मोडकी आहे आणि दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालू शकत नाही, तिला कलम ४५ प्रमाणे कायदाच लागू होत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने संग्राह्य जुन्या शस्त्रांच्या गटात मोडणारी छोटी शस्त्रे भारतीय नागरिकाने जवळ ठेवण्यासाठी परवान्याची अट काढली. मात्र ती वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच.

पण आपली बंदूक या गटात मोडते की नाही हे आपण घरी बसून ठरवू नये. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक दिसायला कितीही जुनी असली तरी तिच्यातून बार निघत असेल तर ती बंदूकच.

नेमबाजीच्या खेळाडूंचे काय झाले?

कायदा झाला तेव्हा नेमबाजांमध्ये घबराट पसरली होती. एकाच खेळाडूला वेगवेगळ्या प्रकारांसाठी वेगवेगळी पिस्तुले, रायफली लागतात. कायद्यात पॉइंट टू टू रायफल आणि एअर रायफलपुरती, तीही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना, सूट होती. बाकीच्यांचे काय, याचे उत्तर दोन महिन्यांनी, त्याच फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेत आले. नामवंत नेमबाजाला एका प्रकारासाठी आठ, दोन प्रकारांसाठी दहा, त्याहून जास्त प्रकारांसाठी बारापर्यंत शस्त्रे, आणि नागरिक म्हणून दोन वेगळी. काडतुसांची संख्याही वाढवून मिळाली.

म्हणजे मर्यादा कमी करणाऱ्या कायद्यानंतर एका गटाची मर्यादा आधीपेक्षा वाढली. खेळाडूंना ते मिळालेच पाहिजे होते. कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या मुलामुलींनी या खेळात काय करून दाखवले आहे ते आपण ऑलिंपिकमध्ये पाहिले. मला बोचते ते वेगळेच. खेळाडूंची संघटना आहे, त्यांचे म्हणणे दिल्लीत पोचते. दोडामार्ग-सत्तरीच्या डोंगरात काजू राखणाऱ्याची संघटना नाही. त्याच्यासाठी कुठलीही पुरवणी अधिसूचना निघत नाही.

यूआयएन काय भानगड आहे?

देशातल्या सगळ्या परवान्यांची माहिती एकाच संगणकीय साठ्यात आणायची आणि प्रत्येक परवानाधारकाला एक एकमेव ओळख क्रमांक द्यायचा, असे २०१२ पासून सुरू झाले. हाच यूआयएन. ज्याच्या परवान्याला हा क्रमांक नाही तो परवाना अवैध धरला जाईल, असे ठरले. मुदत आधी २०१५ ची होती, मग ती पुनःपुन्हा वाढत २०२० पर्यंत गेली.

कल्पना चांगली आहे. एका माणसाने तीन जिल्ह्यांतून तीन परवाने काढले तरी पूर्वी कोणाला पत्ता लागत नसे. तो आता लागतो.

अडचण नोंद भरताना आली. आमच्याकडच्या एका वयस्कर शेतकऱ्याचे उदाहरण सांगतो. परवान्याचे पुस्तक त्यांच्या वडिलांच्या वेळचे, शाई उडालेली, नूतनीकरणाचे शिक्के एकावर एक बसलेले. बंदूक ठासणीची, एकनळी, गावाकडच्याच कारागिराने बनवलेली. अर्जात रकाने होते: बनावट कंपनी, शस्त्र क्रमांक, बोअर. कंपनी कुठली सांगणार? क्रमांक नळीच्या बुडाशी ठोकलेला होता, पण वर्षानुवर्षे काथ्याने आणि राखेने घासून घासून त्यातले दोनच आकडे वाचता येत होते. पुस्तकातला क्रमांक आणि नळीवरचे ते दोन आकडे जुळत नव्हते. कारकुनाने कधीतरी नूतनीकरणाच्या वेळी तीनचे आठ केले असावेत. संगणक रिकामा रकाना घेत नाही आणि न जुळणारा आकडा भरला तर उद्या हीच बंदूक 'दुसरीच' ठरायची. खिडकीतला माणूस काही वाईट नव्हता. त्याच्याकडेही याचे उत्तर नव्हते.

शेवटी पंचनामा करून, विक्रेत्याकडून तपासणीचा दाखला घेऊन ते निभावले. पण त्याच वाडीतले दुसरे एक गृहस्थ या कटकटीला कंटाळून गेलेच नाहीत. आधी त्यांची बंदूक कागदावर होती, पोलिसांना ठाऊक होती, दरवर्षी दिसत होती. परवाना अवैध झाल्यावर ती भीतीपोटी दडवलेली वस्तू झाली. देशातल्या प्रत्येक बंदुकीची माहिती असावी म्हणून आणलेल्या नियमाने एका बंदुकीची माहिती कायमची पुसली. असे किती जण असतील, ते मोजणार कोण? जे साठ्यात आले त्यांचीच गणती होते.

निवडणूक आली की बंदूक जमा का करावी लागते? शेतीचे काय?

कोकणात हा विषय निघाला की लोकांचा आवाज चढतो आणि तो चढणे रास्त आहे.

आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्र जमा करायच्या नोटिसा येतात. हेतू स्वच्छ आहे. मतदाराला धाक बसू नये. पण तारखा बघा. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या दोन्ही जागांचे मतदान ७ मे रोजी झाले. निकाल ४ जूनला. म्हणजे काजूच्या बिया पडू लागल्यापासून हापूस उतरून संपेपर्यंतचा सगळा काळ. वानर-माकडांच्या टोळ्या बागेत उतरतात ते याच दिवसांत. विधानसभा घ्या. २०१९ मध्ये मतदान २१ ऑक्टोबरला होते, भात पिकून पिवळे झालेले असते तेव्हा. रानडुकरांचा कळप एका रात्रीत एका कुटुंबाचे वर्षाचे तांदूळ लोळवून जातो. त्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायतीच्या निवडणुका मिळवा.

शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक बहुतेकदा जनावर मारायला नसतेच. मारायचे तर वन्यजीव कायद्याप्रमाणे वन विभागाची परवानगी लागते. नुसती दारू ठासून रात्री एक बार काढला की डुकरे पांगतात, एवढाच तिचा उपयोग.

ती बंदूक ठाण्यात गेली म्हणून शेतकरी हात बांधून बसत नाही. कोणी सुतळी बॉम्ब आणतो, कोणी ढोल बडवत जागतो. ते ठीक. पण कोणी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. अशा तारांना चिकटून महाराष्ट्रात माणसे मेली आहेत, बिबटे मेले आहेत, गुरे मेली आहेत, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. कोणी डुकरासाठी गावठी बॉम्ब ठेवतो आणि त्यात दुसऱ्याचीच गाय जबडा फाटून तडफडते. नोंद असलेली, ज्याला जबाबदार मालक आहे अशी बंदूक बाजूला काढल्यावर तिच्या जागी नोंद नसलेली, मालक नसलेली, अंधारात चालणारी साधने येतात. नियम करणाऱ्याच्या टेबलावर हे दिसत नाही. ते बांधावर दिसते.

मग सगळ्यांनीच जमा करणे बंधनकारक आहे का?

नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये या सरसकट जमा करून घेण्याविरुद्ध निकाल दिला आणि त्यानंतर निवडणूक आयोगानेही सूचना काढल्या. त्याप्रमाणे जिल्ह्यात छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करायचा आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या, सामील असलेले अशांवर मुख्यतः लक्ष द्यायचे. बाकीच्यांकडून मागायचे तर कारण हवे.

प्रत्यक्षात नोटीस छापील येते आणि सगळ्यांना सारखीच येते. ठाण्यालाही प्रत्येकाचा वेगळा विचार करण्यापेक्षा सगळ्यांच्या बंदुका घेऊन टाकणे सोपे वाटते. म्हणून आचारसंहिता लागायच्या आधीच अर्ज द्या. सातबारा जोडा, पिकाच्या नुकसानीचा वन विभागाचा पंचनामा असेल तर तो जोडा, आपल्यावर गुन्हा नाही हे लिहा आणि छाननी समितीसमोर विचार व्हावा अशी विनंती करा. मान्य होईलच असे सांगत नाही. पण अर्जच नसेल तर समितीपुढे विचार करायला काही नसते.

बंदुका कमी केल्या तर गुन्हे कमी होणार नाहीत का?

घरात बंदूक असली की रागाच्या भरात, नैराश्यात किंवा मुलांच्या खेळात अनर्थ होऊ शकतो. ही जोखीम खरी आहे आणि परवानाधारकांनी ती नाकारू नये. बंदूक आणि दारूगोळा वेगवेगळ्या कुलपात ठेवा.

पण गुन्हेगारीबद्दल बोलायचे तर आपल्याकडे पकडली जाणारी शस्त्रे बहुतांश विनापरवाना असतात. खानदेशातला कोणताही पेपर उघडा, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीकडून आलेल्या गावठी कट्ट्याची बातमी सापडेल. बिहारमधल्या मुंगेरचे नाव तर गावठी हत्यारांसाठी देशभर झाले आहे. कट्टा विकणारा आणि घेणारा, दोघेही कुठल्या माहितीसाठ्यात नाहीत. त्यांना दोनची मर्यादा नाही, यूआयएन नाही, आचारसंहिता नाही. २०१९ च्या दुरुस्तीत बेकायदा निर्मिती आणि तस्करीच्या शिक्षा कडक केल्या, तो भाग योग्यच आहे. पण तपास, खबरे, सीमेवरची नाकाबंदी ही कष्टाची कामे आहेत आणि नोटीस पाठवणे सोपे आहे. सोप्या कामाचा उरक जास्त दिसतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असे घडते. कोणाच्या मनात खोट नसतानाही घडते.

नोंदवहीतच खोटे असेल तर?

जम्मू-काश्मीरमध्ये हे झाले. २०१७ मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने धागा पकडला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. २०१२ ते २०१६ या काळात तिथून दिले गेलेले सुमारे २ लाख ७८ हजार परवाने संशयाखाली आले. पैसे घेऊन, तिथे न राहणाऱ्यांनाही परवाने दिल्याचा आरोप होता. नियम जितके किचकट होत जातात तितकी ते वळवून देणाऱ्या दलालाची किंमत वाढते. आणि मग ज्यांनी तिथून सरळ मार्गाने परवाना काढला होता, देशभर सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे माजी सैनिक वगैरे, त्यांच्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

इतर देशांतही असे झाले आहे का?

झाले आहे, आणि कॅनडाची हकीकत तर प्रत्येक आमदार-खासदाराने वाचावी अशी आहे.

१९८९ च्या डिसेंबरमध्ये माँट्रियालच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात चौदा तरुणींची हत्या झाली. त्या दुःखातून १९९५ चा कायदा झाला आणि शिकारीच्या लांब बंदुकांचीही नोंदणी सक्तीची झाली. शुल्कातून बहुतेक खर्च निघेल आणि सरकारला फक्त २० लाख डॉलरचा भार पडेल, असा अंदाज होता. २००२ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी सांगितले की खर्च १०० कोटी डॉलरच्या पुढे जाणार. पैशांपेक्षा मोठे नुकसान विश्वासाचे झाले. प्रेअरीतले, म्हणजे मैदानी प्रांतांतले, शेतकरी आणि उत्तरेचे शिकारी यांना आपण संशयित ठरलो असे वाटले आणि नोंदणी हा शहर विरुद्ध गाव असा राजकीय वाद झाला. २०१२ मध्ये कंझर्व्हेटिव्ह पक्षाच्या सरकारने नोंदणी रद्द केली, एवढेच नाही तर नोंदीही नष्ट केल्या. क्वेबेक प्रांताने आपल्या नोंदी मागितल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरला. मग त्याने स्वतःची नोंदणी शून्यापासून सुरू केली.

पुढचे वळण बघा. २०२० मध्ये नोव्हा स्कोशियातल्या हत्याकांडानंतर केंद्र सरकारने सुमारे १,५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. त्यांतल्या कित्येक प्रकारांची नोंद आता कुठेच नव्हती, कारण ती आठ वर्षांपूर्वी पुसून टाकली होती. ज्या बंदुका परत घ्यायच्या त्यांतल्या बऱ्याच कोणाकडे आहेत हेच सरकारला ठाऊक नव्हते. नोंदणी लादताना लोकांना दुखावले म्हणून ती गेली आणि ती गेली म्हणून पुढचा कायदा आंधळा झाला.

आणि अमेरिकेत?

दोनच गोष्टी सांगतो. तिथे १९३४ पासून मशीनगनसारख्या शस्त्रांची नोंदणी सक्तीची होती. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेन्स खटल्यात म्हटले की ज्याच्याकडे शस्त्र आधीच बेकायदा आहे त्याला नोंदणीची सक्ती करणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे. म्हणून नोंदणी न केल्याबद्दल त्याला शिक्षा करता येईना. संसदेला त्याच वर्षी कायदा बदलावा लागला.

दुसरी १९८६ ची. त्या वर्षी १९ मेनंतर सामान्य नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी बंद केली. आधी नोंदलेल्या मात्र कायदेशीर राहिल्या आणि विकताही येत राहिल्या. संख्या गोठली, मागणी गोठली नाही. आज त्यांतली एकेक हजारो डॉलरला जाते.

कोडगूच्या लोकांना परवाना लागत नाही म्हणतात, ते खरे का?

खरे. कर्नाटकातल्या कोडवा समाजाला आणि जम्मा, म्हणजे पिढीजात हक्काच्या, जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. स्वतंत्र भारतात १९६३ पासून अधिसूचनेने ती चालत आली, २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी वाढवली गेली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. सूट असली तरी त्यांना सूट-प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे नोंद राहतेच. लोकांना विश्वासात घेऊनही नोंद ठेवता येते, हे आपल्या शेजारीच दिसते आहे.

म्हणजे नोंदणी नकोच का?

हवी. नोंदच नसेल तर चोरीला गेलेली बंदूक शोधणार कशी आणि बेजबाबदार माणसाकडून ती काढून घेणार कशी? माझे मागणे वेगळे आहे. नियम बदलताना जुन्या नोंदीतल्या चुका माफ करून दुरुस्त करायची सोय द्या. मुदत चुकलेल्याला गुन्हेगार ठरवण्याआधी घरी एक पत्र पाठवा. जास्तीचे शस्त्र काढून घ्यायचे तर त्याची रास्त किंमत द्या. मुदती ठरवताना कोकणातला पाऊस आणि पिकाचे दिवस बघा. संगणकाच्या अर्जात 'क्रमांक वाचता येत नाही' असा एक पर्याय ठेवा. यांतल्या बऱ्याच गोष्टींना संसदेत जायची गरज नाही.

घर आवरताना आजोबांची बंदूक सापडली, परवान्याचा पत्ता नाही. काय करू?

ती साफ करू नका, खटका ओढून बघू नका, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकू नका आणि पिशवीत घालून स्वतः ठाण्यात नेऊ नका. रस्त्यात तपासणी झाली तर तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. जुना परवाना, नूतनीकरणाच्या पावत्या, आजोबांचा मृत्यूचा दाखला शोधा. जिल्हाधिकारी कार्यालयात जुन्या परवान्याची नोंद सापडू शकते. मग वकिलाच्या सल्ल्याने, बंदूक कशी आणि कधी सापडली हे लिहून पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. जितका उशीर कराल तितके 'आजच सापडली' हे पटवणे अवघड होईल.

निवडणूक संपली, तरी ठाण्यातून बंदूक परत मिळत नाही. काय करावे?

निकालानंतर साधारण आठवड्याने हा प्रतिबंध संपतो. पावती आणि परवाना घेऊन जा. देणारे अधिकारी बंदोबस्तात आहेत, मुद्देमाल कारकून रजेवर आहे, अशी उत्तरे मिळाली तर रागावू नका, पण लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच मागा. दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांना प्रत पाठवा. परत घेताना क्रमांक तुमच्या पावतीशी जुळतो का ते तिथेच उजेडात बघा, नळीत गंज आहे का बघा, दस्ता फुटला असेल तर तसा शेरा रजिस्टरमध्ये सहीच्या आधी लिहायला लावा. एकदा सही करून बाहेर पडलात की ती तक्रार कोणी ऐकत नाही. जमा करताना मोबाइलवर पावती, नळी, दस्ता आणि क्रमांकाचे फोटो काढून ठेवले असतील तर हे काम फार सोपे जाते.